दार धरून उभी राहिलेली मुलगी

इरा आणि निषाद,

परीक्षा चालू असताना एक मुलगी जागेवरून उठते. वर्गाचं दार सताड उघडते आणि आतल्या मुलांना हाका मारून बाहेर काढते. मुलं उत्तरपत्रिका हातात घेऊनच तिसऱ्या मजल्यावरून खाली येतात आणि पटांगणात घोळका करून उभी राहतात. तुम्ही समितीवर असाल तर या मुलीचं काय कराल?

हे आजच विचारते, कारण इराला तिच्या कॉलेजनं शिस्तपालन समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून घेतलं आहे. परवा फोनवर तिनं मला विचारलं, नियम सगळे स्पष्ट लिहिलेले असतात, मग या मीटिंगांना इतका वेळ का लागतो? फोनवर देण्यासारखं त्याचं उत्तर नव्हतं. म्हणून लिहायला बसले. निषाद, तूही वाच. अडलास तर इराला विचार.

मी विद्यापीठात विद्यार्थी साहाय्य विभागाची प्रमुख होते. म्हणजे वसतिगृहाच्या तक्रारी, काउन्सेलिंग, आजारी पडलेल्यांची सोय, हे सगळं आमच्याकडे. आणखी एक काम होतं. एखाद्या विद्यार्थ्यावर आरोप आला, तर चौकशीच्या वेळी त्याच्या शेजारी आमच्यातलं कुणीतरी बसायचं. आम्ही त्याला 'सोबती' म्हणत असू. सोबत्यानं विद्यार्थ्याची बाजू मांडायची नाही. तो वकील नव्हे. मूल गडबडलं तर थोडा वेळ मागून घ्यायचा, प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारायला लावायचा, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. तोंड मिटून बसणं तुमच्या आजीला किती जड जातं, ते तुमच्या आईला विचारा.

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी स्नेहलची केस आली, तेव्हा तिची सोबती मी होते.

स्नेहल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला होती. कोयनानगरची मुलगी. वडील तिथल्या प्रकल्पात नोकरीला. तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती, निकाल लागला की रुजू व्हायचं होतं. आणि आता तिच्यावर यूएफएमची केस होती. अनफेअर मीन्स, म्हणजे परीक्षेतला गैरप्रकार. आरोप सिद्ध झाला तर होल परफॉर्मन्स कॅन्सल. त्या सेमिस्टरचे सगळे पेपर रद्द, झालेले चांगले पेपरसुद्धा. म्हणजे वर्ष गेलं, नोकरी गेली, आणि पुढे जिथे जाईल तिथे तो शेरा बरोबर.

झालं होतं असं. पेपरला तास-दीड तास झाला असताना जमीन हलली. धक्का हलकाच होता. आमच्या भागात असे धक्के अधूनमधून बसतात. भांडी किणकिणतात, लोक एकमेकांकडे बघतात आणि कामाला लागतात. खाली ऑफिसात कुणाला काही कळलंही नाही. वर्गातला ज्युनिअर सुपरवायझर, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणारा शिक्षक, त्या वेळी रांगांमधून फेऱ्या मारत होता. चालत्या माणसाला हलका धक्का कळत नाही. बाकावर बसलेल्याला कळतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीनं काहीच घडलं नव्हतं, आणि एक मुलगी एकाएकी उठून वर्ग रिकामा करत होती.

पटांगणात मुलांनी जे करायचं तेच केलं. उत्तरपत्रिका हातातच होत्या. काहींनी त्या उघडल्या.

संध्याकाळपर्यंत धक्क्याची बातमी आली. धक्का बसला होता याबद्दल वाद उरला नाही. पण परीक्षा नियंत्रक शिंदे सरांचा प्रश्न उरलाच होता. बाकीच्या ब्लॉकमधली मुलं लिहीत बसली, हीच का उठली? परीक्षेच्या वर्गाला आमच्याकडे ब्लॉक म्हणतात. शिंदे सर सरळ माणूस. मागे एकदा विद्यापीठात सामूहिक कॉपीचं प्रकरण झालं होतं. तेव्हा आमच्या मुलांच्या डिग्र्यांकडे कंपन्या संशयानं बघायला लागल्या होत्या. तो डाग धुऊन काढायला शिंदे सरांनी जिवाचं रान केलं होतं. ते रागावले होते ते स्नेहलवर नाही, त्या घोळक्यावर.

सुनावणीच्या आधी ते माझ्याकडे आले. त्यांनीच मार्ग काढला होता. पोरगी घाबरली होती, तिला पॅनिक अटॅक आला, असं काउन्सेलिंग सेलचं एक पत्र मी द्यायचं. स्नेहलनं माफीच्या दोन ओळी लिहायच्या. ते ताकीद देऊन प्रकरण मिटवतील. त्यांच्या परीनं ते खूप देत होते, हे मला कळत होतं. असं पत्र देणं आमच्या काउन्सेलरला मान्य नव्हतं, कारण ती मुलीला भेटली होती आणि पॅनिक अटॅकसारखं काही तिला आढळलं नव्हतं. पण पुढे आलेला प्रत्येक मार्ग विद्यार्थ्याला सांगणं माझं काम होतं. मी स्नेहलला आणि तिच्या वडिलांना बोलावलं.

वडिलांनी ऐकलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"आवं मॅडम, दील की लिहून. माफी मागायला काय जातंय? आमी काय म्हन्नार न्हाई. तेवढं मिटवा."

स्नेहल खाली बघत होती. मग म्हणाली, "मला घाबरल्याचा कागद नको, मॅडम."

वडील तिला समजावू लागले. नोकरी हाताशी आलेली, घरात धाकटी भावंडं, असल्या वेळी ताठ राहून कसं चालेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. वडिलांना उलटून बोलली नाही. आवाजही चढवला नाही.

"पप्पा, मी घाबरले असते तर सगळ्यांच्या आधी खाली गेले असते."

 वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "खरं हाय ते. आता काय व्हायचं ते हू दे." मला त्या दोघांचंही कौतुक वाटलं. वडिलांचं जरा जास्तच. मुलीची नोकरी पणाला लागलेली असताना असं म्हणणं सोपं नाही.

समितीचे अध्यक्ष बाहेरचे असत. त्या वर्षी मेजर मोहिते होते. सैन्यातून निवृत्त होऊन गावी ऊस बघत होते. त्यांची एक पद्धत मी कधी विसरणार नाही. चौकशी ते ऑफिसात घेत नसत. जिथे प्रकार घडला तिथे समितीला न्यायचे. मेसमधल्या भांडणाची चौकशी त्यांनी मेसमध्ये घेतली होती, तीही जेवणाच्या वेळी. म्हणून आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वर्गात गेलो. मेजरांनी समितीला मुलांच्या बाकांवर बसवलं. शिंदे सरांचे गुडघे बाकाखाली मावेनात. मेजर म्हणाले, "अवघडल्यासारखं होतंय? असू द्या. पोरं तीन तास बसतात."

पहिला प्रश्न त्यांनी "का केलंस" असा विचारला नाही. "कुठं बसली होतीस?" असं विचारलं. स्नेहल जाऊन बसली. तिचा बाक दाराला लागून होता.

कॅमेऱ्यातलं चित्रण आम्ही आधीच पाहिलं होतं. त्यात आवाज नव्हता. स्नेहल दाराच्या फळीला पाठ लावून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मुलं तिच्या शेजारून बाहेर जात होती. शिंदे सरांनी नेमकं तेच विचारलं.

"दाराशी उभी राहून काय सांगत होतीस सगळ्यांना?"

"नावं घेत होते, सर."

"कुणाची?"

"आत राहिलेल्यांची."

मेजरांनी नीट सांगायला सांगितलं. ती सावकाश बोलली. त्यांच्याकडे घराघरांत हे लहानपणापासून शिकवतात. जमीन हलली की दाराजवळच्यानं आधी दार उघडायचं, कारण भिंत सरकली तर दार चौकटीत अडकतं. आणि दार उघडलं म्हणून त्यानं बाहेर पळायचं नाही. दार धरून थांबायचं आणि आत जो कोण दिसेल त्याचं नाव घ्यायचं. सगळ्यांत शेवटी दार धरणाऱ्यानं निघायचं. प्रकल्पाच्या कॉलनीतल्या शाळेतली मुलंही असंच करतात.

"नाव कशाला घ्यायचं? 'पळा' म्हटलं तरी पुरे," शिंदे सर म्हणाले.

स्नेहलनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. ती प्यायली नाही.

"सदुसष्टचा तो मोठा भूकंप झाला, तेव्हा 'पळा पळा' म्हणत आमच्या आजीच्या घरातले सगळे बाहेर आले, सर. धाकट्याला दुसऱ्या कुणीतरी घेतलंय, असं प्रत्येकाला वाटलं. आजीचा भाऊ होता तो. आतच राहिला."

 शिंदे सर बाकावरच्या कोरलेल्या अक्षरांकडे बघत राहिले.

मग मेजरांनी त्या वर्गातल्या एका मुलाला आत बोलावलं. तो दुसऱ्या शाखेचा होता. परीक्षेत शाखा मिसळून बसवतात, त्यामुळे सगळे सगळ्यांना ओळखत नाहीत. हिनं तुझं नाव घेतलं का, असं मेजरांनी विचारलं.

"नाव नाही घेतलं, सर. तिला माहीतच नाही माझं. मी उंब्रजला एसटीत चढतो, तेवढं तिला ठाऊक. 'ए उंब्रज, ऊठ की रं' म्हणाली."

मेजर हसले. आम्हीही हसलो. स्नेहल मात्र ओशाळली.

"धक्का तुला जाणवला होता?"

"जाणवला की. बाक हलला. पण कोणच उठंना, म्हणून मी पण बसलो."

"मग तिच्या हाकेला का उठलास?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "हाक मला मारली होती, सर."

मला वाटतं, त्या वाक्याला केस फिरली. पण शिंदे सरांनी हार मानली नाही, आणि मला ते बरं वाटलं. त्यांनी विचारलं ते योग्यच होतं. उद्या पेपर अवघड गेला की कुणीही उठून जमीन हलली म्हणेल. मग परीक्षा घ्यायची कशी?

मेजर म्हणाले, "चित्रण पुन्हा आठवा. कॉपी करायची म्हणून वर्ग बाहेर काढणारी पोरगी स्वतः शेवटी कशाला निघेल? ती खाली पोचली तोवर पोरांमागून धावलेला सुपरवायझर पेपर गोळा करायला लागला होता. तिला कुणाचं बघायला वेळच मिळाला नाही." मग शिंदे सरांकडे वळून म्हणाले, "आता मला सांगा सर, तुमच्या सुपरवायझरला धक्का कळला असता, तर त्यानं काय करायचं होतं? आपल्या नियमात काय लिहिलंय?"

शिंदे सरांना सगळे नियम तोंडपाठ. त्यांनी थोडा विचार केला. आगीचं कलम होतं. वीज गेली तर काय करायचं, तेही होतं. भूकंपाचं नव्हतं. कोयनेच्या शेजारच्या विद्यापीठात नव्हतं. परगावच्या कुठल्याशा विद्यापीठाची नियमावली समोर ठेवून आमची तयार झाली होती. तिथे जमीन हलत नसावी.

"नाही लिहिलेलं," शिंदे सर म्हणाले. आणि लगेच, "लिहितो मी."

निर्णय असा झाला. स्नेहलवरचा आरोप रद्द. ताकीद नाही, शेरा नाही, माफी नाही. मात्र त्या ब्लॉकचा पेपर पुन्हा होणार, सगळ्यांचा, स्नेहलचासुद्धा. पटांगणात उघडलेल्या उत्तरपत्रिका काही बंद करता येत नव्हत्या. स्नेहलला हे आधीच मान्य होतं. बाकीच्या मुलांना नव्हतं. ज्यांचा पेपर बरा गेला होता, त्यांनी तिला चांगलंच ऐकवलं. 'भूकंप' हे नाव तिला तेव्हापासून चिकटलं. कॅन्टीनमध्ये ती आली की कुणीतरी टेबल हलवायचं. ती मुकाट्यानं चहा घ्यायची. एकदा मात्र म्हणाली, "हलवा की. दार कुणाजवळ आहे ते आधी बघून ठेवा." त्यानंतर टेबल हलायचं बंद झालं.

पुन्हा झालेला पेपर आधीच्यापेक्षा जरा कमीच बरा गेला, असं तिचं म्हणणं. पण पास झाली आणि वेळेत पुण्याला रुजू झाली. निघताना वडील ऑफिसात पेढे घेऊन आले. पहिला पेढा त्यांनी शिंदे सरांना दिला.

शिंदे सरांनी ते कलम खरंच स्वतः लिहिलं. माझ्याकडून स्नेहलचा नंबर घेतला आणि मसुदा तिला वाचून दाखवला. तिनं एक दुरुस्ती सांगितली. सरांनी 'विद्यार्थ्यांनी शिस्तीत बाहेर पडावे' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, कुणी बोलवायचं ते लिहा, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत बसतील.

इरा, मीटिंगला वेळ का लागतो, त्याचं माझं उत्तर एवढंच आहे. नियम मोडला की नाही हे बघायला फार वेळ लागत नाही. त्या प्रसंगासाठी आपण नियम केला होता का, हे बघायला लागतो. आणि बसून बघायचं असेल तर आरोपीच्या बाकावर बसावं. गुडघे दुखतात, पण दिसतं बरंच.

मी निवृत्त झाले. मेजरांची मुदत संपली. नियमावली त्यानंतर दोनदा बदलली, असं ऐकते. ते कलम आहे. पेपर सुरू होण्याआधी प्रत्येक ब्लॉकमध्ये सुपरवायझर दाराजवळच्या बाकापाशी थांबतो आणि तिथल्या विद्यार्थ्याला सांगतो की दार तुझ्याकडे आहे. तो विद्यार्थी मान हलवतो, आणि मग प्रश्नपत्रिका वाटतात.