कोणाची मेल कोणत्या दारातून

तीन माणसांच्या ऑफिसात किस्से साठायला वेळ लागत नाही. आमचं काम असं, की नीट चाललं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं की अख्खी झाशी फोन करते. हे किस्से ऐकून मैत्रिणी पोट धरून हसतात. घडत असताना माझी नोकरी टांगणीला लागलेली असते, ते त्यांना कुठे दिसतं!

आमच्या एका सर्व्हरवरून पाच-सहा संस्थांची मेल बाहेर जाते. कुलकर्णी सर मूळचे सोलापूरचे, आमचे मुख्य. मुन्ना भैया इथलेच, पक्के बुंदेली, झुपकेदार मिशांचे. आणि मी प्रेम नगरची, कित्येक पिढ्या झाशीत काढलेल्या मराठी घरातली. सरांची हिंदी मुन्ना भैयांना समजावून सांगणं हे माझं काम नाही, पण दिवसभर मी तेच करते.

*

सुरुवातीला सगळ्यांची मेल एकाच दारातून, म्हणजे सर्व्हरच्या एकाच इंटरनेट-पत्त्यावरून, बाहेर पडायची. मऊरानीपुरचे एक धान्याचे व्यापारी रोज सकाळी ओळखीच्या-अनोळखी हजारो लोकांना गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवायचे. एक दिवस बाहेरच्या मोठ्या मेल कंपन्यांनी हा सगळा कचरा समजून आमचं ते दारच बंद केलं. सुप्रभातबरोबर हॉस्पिटलचे रिपोर्टही अडकले.

सरांनी घामाघूम होऊन व्यापाऱ्यांना फोन केला, झाला प्रकार सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "साहब, अब राम-राम भेजना भी गुनाह हो गया?"

त्या दिवसापासून आम्ही पाठवणाऱ्याच्या डोमेनप्रमाणे, म्हणजे मेल-पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाप्रमाणे, नियम लिहून दारं वेगळी केली. हॉस्पिटलची मेल हॉस्पिटलच्या दारातून, व्यापाऱ्यांची त्यांच्या. ज्याच्यासाठी नियम नाही, त्याची मेल आपोआप एका मोकळ्या दारातून जाते. म्हटलं, आता एकाच्या पायी दुसरा अडकणार नाही आणि आपण सुखाने जेवू.

*

कसलं सुखाने. एरच गावची एक शाळा आमच्याकडे नवीन आली. सरांनी हॉस्पिटलचा नियम कॉपी केला, नाव शाळेचं घातलं आणि दार बदलायचं विसरले. पालकसभेचं बोलावणं शाळेच्या नावाने गेलं, पण त्या नावाशेजारी बारीक अक्षरात ‘हॉस्पिटलमार्फत’ असं दिसायला लागलं.

दुपारी हेडमास्तरांचा फोन. "भैया, आधा गाँव फल लेके दरवाज़े पे खड़ा है। सब पूछ रहे हैं, मास्साब को हुआ क्या है?"

मुन्ना भैया फोन ठेवून हसत बसले. सर मात्र त्या दिवशी डबा न उघडता घरी गेले. मलाही हसू आलं नाही, कारण आमच्या मालकांपर्यंत, साहूजींपर्यंत ही गोष्ट संध्याकाळच्या आत पोचणार होती.

*

पोचलीच. साहूजी खाली आले, उभ्या-उभ्या बोलले. "एक शिकायत और आई, तो सर्वर नोएडा वालों को दे दूँगा। फिर ऑफिस की ज़रूरत ही क्या है?"

तेव्हापासून सरांनी मोबाइलवर अलार्म लावला. कुठेही मेल अडकली की घंटा वाजते. पण आमच्या शेजारी देऊळ आहे. संध्याकाळची आरती सुरू झाली की सर खुर्चीतून ताडकन उठतात आणि अडकलेल्या मेलची रांग उघडून बघतात. रांग रिकामी असते, तरी त्यांचा विश्वास बसत नाही.

एकदा मुन्ना भैयांनी त्यांना हाताला धरून बसवलं. "काय सर, मेल नईं अटकी, भगवान की आरती है।"

सर बसले. मग हळूच मला म्हणाले, "ताई, या वयात नोएडाला मला कोण विचारणार?" मला तरी कोण विचारणार होतं?

*

आणि हा परवाचा.

नर्सिंग कॉलेजचा निकाल मुलींना मेलने जायचा होता, बाकीचे निकाल दुसऱ्या दिवशी. कॉलेज आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथून तक्रार आली की संपलंच. नेमके त्याच दिवशी सर पुतण्याच्या लग्नाला सोलापूरला निघालेले. गाडीत त्यांना चैन पडेना, म्हणून त्यांनी मुन्ना भैयांना हिंदीतून मेसेज केला. मला नाही केला. मी कॉलेजच्या प्राचार्य मॅडमना फोनवर धीर देत होते.

चार वाजले. कॉलेजने मेल सोडल्या. मी स्क्रीनवर बघते, तर कॉलेजच्या दाराचा नियमच गायब! मेल भराभर मोकळ्या दारातून चालल्या होत्या, आता थांबवणं शक्य नव्हतं. मग कॉलेजचं दार तपासलं. ते दुपारपासून मेल कंपन्यांनी बाहेरून बंद केलेलं होतं आणि आमच्यापैकी कुणाला पत्ताच नव्हता. नियम जागेवर असता, तर सगळे निकाल तिथेच अडकले असते.

फोन वाजला. प्राचार्य मॅडम. मी देवाचं नाव घेऊन उचलला.

"सब लड़कियों को मिल गया। पहली बार एक भी फोन नहीं आया। साहूजी को भी बता दिया है मैंने।"

मला रडूच आलं. तेवढ्यात सरांचा फोन, गाडीचा खडखडाट आणि त्यात त्यांचा कापरा आवाज. मी स्पीकर लावला आणि सगळं पोचल्याचं सांगितलं. मग मुन्ना भैयांना विचारलं, कॉलेजचा नियम कुणी काढला?

त्यांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. सरांचा मेसेज होता: ‘आज चार बजे नर्सिंग कॉलेज निकाल. कल बाकी सब निकाल. ध्यान रखना.’

"आपने लिखा, तो हमने ठीक चार बजे निकाल दिया, सर," मुन्ना भैया फोनकडे तोंड करून म्हणाले. "कल बाकी सब भी निकाल देंगे। बस इतना बता दो, फिर हम लोग बैठेंगे कहाँ?"