मला दिलेला सोपा उतारा

"आडनाव आधी," मॅडम म्हणाल्या. "चिनी माणूस आधी आडनाव सांगतो, मग नाव. आज प्रत्येकाने आपलं खरं आडनाव सांगायचं. ते कुठून आलं, पूर्वी घरचे काय करत, सगळं चिनीत."

चिनीच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग. आम्ही अकरा जण. माझा नंबर सातवा. पहिली मुलगी उभी राहिली तेव्हापासूनच मी पुढे किती जण उरलेत ते मोजत होते. आडनावावरून जात कळते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून वर्षभर मी नावापुढे वडिलांचं नाव लावून भागवलं होतं. हजेरीतही तेवढंच. वर्गात तर मॅडमनी दिलेलं 'ली' हे चिनी आडनाव होतंच. मी मूर्ख. मला वाटलं होतं, इतक्या लांबच्या भाषेत आपल्याला कोण विचारतंय! आणि त्या भाषेत ओळखीची सुरुवातच तिथून.

सांगितलं. आवाज फाटला. वर्ग गप्प झाला. ती शांतता मी शाळेपासून ओळखते.

मॅडम हसल्या. अगदी गोड.

"अगं, आधी सांगायचंस ना. तुला सोपा उतारा दिला असता."

आणि दिला. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला. प्रत्येक चिनी अक्षराच्या डोक्यावर रोमनमध्ये उच्चार छापलेला, लहान पोराला बोट धरून चालवावं तसा. बाकीच्यांचं ते बोट केव्हाच सुटलं होतं. माझंही सुटलं होतं. त्याच आठवड्यातल्या श्रुतलेखनात माझी एकही चूक नव्हती. वही मॅडमनीच तपासली होती.

संवादाचा सराव जोडीने असायचा. माझी जोडीदार गौरी. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच बाकावर.

"मॅडमनीच सांगितलं," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मग मी एकटीच दोघींची वाक्यं म्हणायचे. नाशिक रोडच्या बसमध्ये, मनातल्या मनात.

घरी बोलले नाही. बाबा अंबडच्या एका कारखान्यात हेल्पर. तिथे चिनी मशीन बसवताना एक दुभाषी मुलगी आली होती. त्या दिवशी बाबा घरी येऊन म्हणाले, "ती पोरगी बोलाया लागली का सगळे साहेब गप. लय भारी. तू हेच शिक." त्यांना कसं सांगू, की मलाच वर्गात गप केलंय? दुसरं वर्ष पास झाल्याशिवाय दुभाष्याच्या कामाला कुणी उभं करत नाही. आणि तोंडी परीक्षेचे मार्क मॅडमच्या हातात. भीती वाटायची. जेवताना वाटायची, केस विंचरताना वाटायची.

तोंडी परीक्षेला टेबलावर एक डबा. त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या. जी येईल त्या विषयावर बोलायचं. मॅडमच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक सर. मी हात पुढे केला, तर मॅडमनी डबा आपल्याकडे ओढला आणि फाईलमधून एक कागद काढला. अक्षरांच्या डोक्यावर रोमन.

"सर, हिला हा. हिचं जरा वेगळं आहे."

शूरपणाची गोष्ट सांगत नाही, तो कागद मी घेतलाच असता.

"मॅडम, मला डब्यातली चिठ्ठी हवी."

"आपटशील."

"आपटेन. पण सगळ्यांच्या परीक्षेत आपटेन."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मग डबा माझ्याकडे सरकवला. विषय निघाला, डॉक्टरला दुखणं सांगणे. दोनदा अडले. एकदा शब्दाचा सूर चुकला (चिनीत सुराने अर्थच बदलतो), सरांनी सुधारला, मी पुन्हा म्हटलं. त्यांनी बाकीच्यांना विचारले तेवढेच प्रश्न मला विचारले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

निकाल लागायचाय. मार्क मॅडमच भरणार, हे मला माहीत आहे. पाडलं तर का पाडलं ते लेखी मागणार. पुन्हा बसणार. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटतही नाही. घाबरत घाबरत का होईना, माझी चिठ्ठी यापुढे मीच उचलणार.