म्युरिएलबाईंची नासपती

हॅझलमीडमधल्या प्रत्येक रस्त्याला फळबागेतलं नाव. पिपिन लेन, डॅमसन रोड, पेअरट्री अव्हेन्यू. फळझाड मात्र दिवा घेऊन शोधलं तरी दिसायचं नाही. लंडनची गाडी इथवर आली तशी बिल्डरने अख्खी बाग आडवी केली, भिंतीला भिंत लावलेली जोडघरं उभी केली आणि जे तोडलं त्याचंच नाव पाटीवर चढवलं. आजवर कुणाला त्याचं हसू आलेलं नाही.

एक झाड तेवढं वाचलं होतं. ते होतं म्युरिएल पेनफोल्डच्या मागच्या कुंपणावर, जुन्या नासपतीचं. बुंधा शेजाऱ्याच्या हद्दीत आणि निम्म्या फांद्या हिच्या अंगणात.

म्युरिएलचा जन्म याच घरातला, वरच्या खोलीतला. दुसऱ्या महायुद्धात अन्न तुटलं तेव्हा वडिलांनी गुलाब उपटून बटाटे लावले, तेव्हाही झाडाला हात लावला नाही. पुढे रस्ता बदलला. दारापुढच्या बागा उखडून लोकांनी फरशा घातल्या, त्यांवर मोटारी आल्या. हिरवं कुंपण कातरणाऱ्या आता म्युरिएल आणि समोरची बेरिल, दोघीच उरल्या होत्या. पण दर ऑक्टोबरात म्युरिएल फाटकापाशी नासपतीची पेटी ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत ती रिकामी व्हायची. फळ असं टणक, की कच्चं चावलं तर दात हातात यावा. लवंग-साखर घालून दुपारभर मंद आचेवर शिजवलं की मात्र गुलाबी होऊन जिभेवर विरघळायचं. त्या आठवड्यात अख्ख्या रस्त्याला लवंगेचा वास यायचा.

शेजारच्या घरात गार्थ होल्रॉइड राहायला आला. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरचा रांगडा गडी, जन्मभर बस चालवलेला. त्या शरद ऋतूत तो कुंपणावरून डोकावला, तेव्हा म्युरिएल पाला झाडत होती.

"लई पाला पडतुया, बाई."

"काही विचारू नका. कंबर मोडते माझी या झाडापायी," म्युरिएल म्हणाली. चाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. लेकराला द्वाड म्हणावं तसं.

"मग काढून टाकू का? मला बी तितं अवजारांची खोली बांधायचीय. तुमची काय हरकत?"

म्युरिएलच्या हातातला झाडू थांबला. पण तोंडातून आलं ते असं: "छे छे, माझा कशाला विचार करताय? झाड तुमचं आहे. तुम्हाला बरं वाटेल ते करा."

"ब्येस!" गार्थ म्हणाला आणि आत गेला.

संध्याकाळी हे ऐकून बेरिलने कपाळाला हात लावला. "अगं, तू नाही म्हणालीस का?"

"आणखी कसं म्हणायचं? 'तुम्हाला बरं वाटेल ते करा' म्हटलं की! याहून कडक काय बोलतं माणूस?"

"आपल्या रस्त्यावरचा जुना माणूस असता तर त्याला तो नकार कळला असता, आठवडाभर तोंड दाखवलं नसतं. पण हा उत्तरेचा आहे. त्याला 'करा' म्हटलं की तो करतो."

मग म्युरिएलने शिजवलेल्या नासपतीचं भांडं नेऊन दिलं. "घ्या, आता काय, ही शेवटचीच म्हणायची," असं दारात उभं राहून दोनदा म्हणाली. गार्थने भांडं चाटूनपुसून परत केलं. "झ्याक हुतं! आता तुमची पाल्याची कटकट बी जाईल बगा."

थंडी संपता संपता एका सकाळी गार्थच्या दारात करवतवाले आले. म्युरिएलला खिडकीतून दिसलं: एकजण दोर घेऊन बुंध्याशी उभा, आणि डहाळ्यांवर कळ्या फुगलेल्या.

आता दारी माणसं कामाला आली म्हणजे त्यांना चहा द्यायला हवा. ज्याचं काम असेल त्याचं असो, ही रीत. फाशी द्यायला कुणी आलं असतं तरी म्युरिएलने आधी बिस्किटांचा डबा काढला असता. तिने चहा केला, तबक घेतलं आणि कुंपणापाशी गेली. कपबश्या किणकिणत होत्या.

"अवं, तुमास्नी थंडी वाजतीय का?" गार्थने विचारलं.

"नाही."

हा शब्द इतका स्वच्छ बाहेर पडला की म्युरिएल स्वतःच दचकली. पण एकदा जीभ सुटली ती सुटली. "नाही. मला चालणार नाही. हे झाड तोडलेलं मला मुळीच चालणार नाही, गार्थ. माझी फार हरकत आहे."

करवतवाले कप हातात घेऊन जागच्या जागी थिजले. समोरच्या घरातून रस्ता ओलांडून आलेली बेरिल फाटकाशी उभी राहिली.

गार्थने टोपी काढून डोकं खाजवलं. "आन् मग त्या दिशी 'करा' का म्हनलासा?"

"'करा' म्हणजे करू नका!"

"देवा रे!" गार्थ मटकन उलट्या बादलीवर बसला. "बाई, मी तर तुमची कंबर वाचवाया निगालो हुतो. खोली काय, तिकडं कोपऱ्यात बी हुईल. उलशी बारकी हुईल, त्येला काय. आमच्याकडं न्हाई म्हंजे न्हाई, व्हय म्हंजे व्हय. हितं काय हाय ते आधी लिहून तरी द्या कुनी!"

करवतवाले हसले. आलेच होते, तर वाळलेल्या दोन फांद्या तेवढ्या उतरवून गेले.

"आता एक माझं बी ऐका," गार्थ अर्धा कप तसाच तबकात ठेवत म्हणाला. "सपष्ट बोलायचं ठरलंच हाय तर सांगतो. तुमचा च्या म्हंजे निस्तं कोमट पानी. पोटात जाईना माज्या."

म्युरिएलचा चेहरा लालबुंद झाला. इतकी वर्षं त्या रस्त्यावर कुणी कुणाच्या चहाला नावं ठेवली नव्हती. मग म्युरिएल तबक उचलून आत गेली, किटली पुन्हा चढवली, पुडीतून आणखी पत्ती ओतली. खिडकी उघडून तिने विचारलं,

"दूध घालू का? आणि खरं सांगा!"