मांडीची विचारपूस

कढईतलं तेल उडून ताईचा हात भाजला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या मांडीची पातळ कातडी काढून हातावर लावली. भेटायला येणारा जो तो हाताबद्दल विचारतो. जास्त आग होते ती मांडीची, पण ती कुणाला सांगणार?

मांडीवरची पट्टी ओढायची नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. खाली नवी कातडी आली की पट्टी आपणहून सुटते. सुटेल तेवढीच कड कापायची. हे काम भावोजींनी स्वतःकडे घेतलं. बिस्किटाचा पुडाही दातांनी फाडणारे आमचे भावोजी! रोज सकाळी साबणानं हात धुऊन, चष्मा लावून, छोट्या कात्रीनं बोटाच्या पेराएवढी कड कापायचे आणि म्हणायचे, "आज एवढंच."

"अहो, ओढा की एकदाची!" ताई वैतागायची. ते ऐकायचे नाहीत.

त्यांच्याकडे बघताना मला आई आठवायची. आम्ही आजारी पडलो की सगळे आमची चौकशी करायचे. उशाशी बसलेल्या आईला "तू जेवलीस का?" असं मी एकदाही विचारलेलं नाही.

काल मी भेटायला गेले, तेव्हा पट्टीचा शेवटचा तुकडा सुटला होता. खाली गुलाबी, कोवळी कातडी. भावोजी वाटीत खोबरेल तेल घेऊन बसले. ताईनं सवयीनं हात पुढे केला. त्यांनी तो हळूच उशीवर ठेवला आणि आधी मांडीला तेल लावू लागले.

"हाताला विचारायला अख्खं गाव आहे," ते म्हणाले. "ही बिचारी तर न भाजताच सोलून निघाली."