मी येईपर्यंत पाणी सोडू नको

मनोहर भाऊजी,

सौंसरच्या बसस्टँडवर तुम्ही आमच्या बॅगा नागपूरच्या गाडीत चढवत होतात, तेव्हा हे खिडकीतून तुम्हाला बजावत होते, "मन्या, मी येईपर्यंत झाडायले पानी नोको सोडू. पंधरा दिवसात वापस येऊन राहिलो." सिंचन खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस, सख्ख्या भावालाही ऑर्डरच द्यायचा. आपल्या संत्र्याला ताण दिलेला होता. पाणी तोडायचं, पानं गळू लागली की नेमक्या दिवशी सोडायचं, तरच आंबिया बहार फुटतो. आणि तो नेमका दिवस आपल्याशिवाय कुणाला ओळखता येत नाही, असं ह्यांचं ठाम मत. तुम्ही जन्मभर शेती केलेली, तरी मुकाट मान डोलावलीत.

हैदराबादला पोराकडे आलो ते ह्यांच्या किडनीच्या उपचारांसाठी. चौदावा मजला, लिफ्ट, आणि पाणी टँकरचं. उभी हयात कालवे काढण्यात गेलेल्या माणसाला तो टँकर बघून असा राग यायचा! गॅलरीत उभे राहून ईशानला, आमच्या सात वर्षांच्या नातवाला, इथला उतार कुणीकडे आहे आणि तलाव कुठे हवा होता ते समजावत बसायचे. दवाखान्यातही सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजायचे आणि नर्सला सांगायचे, "सिस्टर, फ्लो जादा है." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पंधराचे पंचवीस दिवस झाले. तुम्ही रोज फोन करायचात, तब्येत विचारायचात, आणि शेवटी हळूच म्हणायचात, "वहिनी, पानं लय गळून राहिली जी." मी म्हणायची, बघू, हे येतील ना. डॉक्टरांनी मला आणि पोराला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. "पाणी सोडा" म्हणणं म्हणजे हे येणार नाहीत, असं मीच माझ्या तोंडाने सांगणं. ते मला जमेना. तिकडे झाडं वाळत होती आणि आपण दोघं शहाणी माणसं, तुम्ही भावाला दिलेला शब्द धरून आणि मी ओठ मिटून बसलो होतो.

ह्यांना कसं फसवणार? रोज विचारायचे, पानं किती गळली. मी म्हणायची, थोडी. एका दुपारी डोळे मिटूनच म्हणाले, "तूच सांग त्याले. माह्या तोंडून नाही निंघत."

म्हणजे त्यांनाही तेच जमत नव्हतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी तुम्हाला फोन लावला. "भाऊजी, पाणी सोडा." तुम्ही "बरं वहिनी," म्हणालात आणि फोन बंद करायचं विसरलात. तुमचं रडणं मी बराच वेळ ऐकत होते. पाचव्या दिवशी हे गेले.

बांधाकडची काही झाडं वाळलीच. बाकीच्यांना उशिरा बहार आला. त्यावरून तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत.

आता मी इथलीच झाले. सून जीव लावते. ईशानला मी मराठी वाचायला शिकवते, तो मला मोबाईलवरून भाजी मागवायला शिकवतो. दिवस जातात. पण दर जानेवारीत तुमचा फोन येतो, "वहिनी, सोडू का पानी?" मोठ्या वहिनीचा मान म्हणून विचारता, हे मला कळतं. ईशान म्हणतो, आजी, तुला तर शेतीतलं काहीच येत नाही, मग तुलाच का विचारतात? खरंय त्याचं. भाऊजी, मी थकले हो. मी "सोडा" म्हणते आणि दर वर्षी हे माझ्यासाठी नव्याने जातात.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी म्हणेन, मला न विचारता जिथलं सगळं वेळेवर होतं ते. यंदा पानं बघा आणि तुमच्या मनाने पाणी सोडा. मला फुलं आल्यावर फोन करा.