बेसमेंटमधला गणपती

२००५च्या सुमारास आम्ही अमेरिकेतल्या ट्रॉय गावात राहत होतो. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणजे एक काका. पोटापाण्यासाठी मोटारींचे इंजिनियर, पण स्वतःला समजत टीकाकार. त्यांच्या दिवाणखान्यात एका दाढीवाल्या इटालियन कवीची तसबीर होती. एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला कवी आणि टीकाकार. त्याने सैतानाचं कौतुक करणारी कविता लिहून धर्मगुरूंना अंगावर घेतलं, हे काका असं सांगत की जणू शाई यांनीच पुरवली होती. "कवीने कुणाच्या बापाला भिऊ नये!" हे त्यांचं पालुपद.

मी भाबडी. त्या भरवशावर अंकासाठी कविता दिली. मंडळाच्या गणपतीचं विसर्जन आम्ही पार्किंग लॉटमध्ये, प्लास्टिकच्या टबात करायचो. म्हणजे मूर्तीला पाणी लावायचं, 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडायचं आणि पुसून ती काकांच्या बेसमेंटमध्ये ठेवायची. वर्षभर बर्फाच्या फावड्याशेजारी बसून गणपती काय म्हणत असेल, एवढंच मी लिहिलं होतं. अमेरिकेत आल्यापासूनची माझी पहिली कविता. ती छापून येईपर्यंत जिवाला चैन नव्हतं.

काका आधी "झकास" म्हणाले. मग अंकाला जाहिरात देणाऱ्या दागिनेवाल्यांनी नाक मुरडलं आणि काकांचा फोन आला.

"अगं, तुझी कविता ड्रॉप केली. लोकांच्या सेंटिमेंट्स असतात ना."

"आणि तुमच्या कवीने दुखावल्या त्या?"

"ते इटलीत गं. इथे आपल्याला मंडळ रन करायचंय."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त किळस आली. लायब्ररीतून त्या कवीचं चरित्र आणलं. राजेशाहीचा कट्टर विरोधक असून पुढे तोही इटलीच्या राणीची स्तुती लिहून बसला होता! हा भाग काकांनी कधी सांगितला नव्हता. पण त्याने निदान आधी शिव्या तरी खाल्ल्या होत्या. यांनी नुसते पेढे खाल्ले.

पुढच्या वर्षी काका मंडळाचे अध्यक्ष झाले आणि घरी सत्यनारायण घातला. गणपतीत मूर्ती वर आणायला माझ्या नवऱ्याला बोलावलं, मीही गेले. खाली फावड्यालगत ती तसबीर भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"काका, यांनाही वर न्यायचं का?"

"राहू दे. तिथे आता सत्यनारायणाचा फोटो लावलाय."

माझी कविता कुठल्याच अंकात आली नाही. त्या संध्याकाळी काका डोळे मिटून आरती म्हणत होते, तेव्हा मी ती गणपतीला मनातल्या मनात पूर्ण म्हणून दाखवली. त्याच्या भावना दुखावल्यासारख्या दिसल्या नाहीत.