दोरीच्या तीन घड्या

वाऱ्यानं आमचा जुना कडुलिंब विहिरीच्या वाटेवर आडवा झाला. खोडाभोवती दोरी गुंडाळून मी माप घेतलं आणि मांजरसुंब्याच्या दुकानात तेवढ्याच लांब पात्याची चेनसॉ मागितली. दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. कोयत्यासाठी कानस घ्यायला आलेला एक पटकेवाला म्हातारा मात्र खुदकन हसला. त्यानं माझी दोरी घेतली, सावकाश तीन सारख्या घड्या केल्या आणि एका पात्याला लावून बघितली.

"मालक, तुमी घेर मोजला. जाडी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पातं तिच्यापेक्षा चार बोटं जास्त घ्या, आन इंजिन दांडगं घ्या. न्हाईतर लांब पातं लाकडात नुसतं रडत बसतंय."

"तुम्ही लाकडं तोडता का?"

"न्हाई बा, शेळ्या राखतो. झाड पडलं की आमी तिथं असतोच. गाव कोणतं म्हणला?"

मी पाली म्हणालो. बोलता बोलता दोरी त्याच्याच खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या ऐटीत मशीन घेऊन शेतात गेलो. खोड जागेवर होतं, पण झाडावर एक पान शिल्लक नव्हतं. सगळीकडं लेंड्या पडल्या होत्या आणि बुंध्यावर माझी दोरी होती, तीन घड्या घालून नीट ठेवलेली.